हललेले चित्र, हलवलेले चित्र

चित्र हलले म्हणजे फिल्म वाया गेली, ही आपल्या घराघरांतील जुनी समजूत. अल्बममधून असे फोटो आपण निमूटपणे काढून टाकीत आलो. मात्र काही छायाचित्रकार शटर उघडे असतानाच जाणूनबुजून कॅमेरा हलवतात आणि त्या धूसरतेलाच कलाकृती मानतात. उपनगरातील हौशी मंडळींतही ही पद्धत आता रुजली आहे. तिचे मूल्यमापन करताना कौतुक आणि हेटाळणी ही दोन्ही टोके टाळलेली बरी.

कृती सोपी वाटते. शटरला पाव किंवा अर्धा सेकंद द्यावा आणि तेवढ्या अवकाशात मनगट वर-खाली किंवा आडवे फिरवावे. अडचण प्रकाशाची. भर उन्हात संवेदनक्षमता १०० ठेवून भिंगाचे छिद्र एफ-१६ इतके लहान केले, तरी सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. पाव सेकंद हवा असेल, तर प्रकाश पंचवीसपट कमी करावा लागतो. त्यासाठी भिंगापुढे काळसर काच लावतात, नाहीतर तिन्हीसांजेची वाट पाहतात.

या चित्रांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणण्याची प्रथा पडली आहे. क्लोद मोने यांचे १८७२ चे सूर्योदयाचे चित्र १८७४ साली पॅरिसमध्ये मांडले गेले, तेव्हा लुई लरुआ या समीक्षकाने त्याच्या नावावरून त्या चित्रकारांची टिंगल केली आणि पुढे तेच नाव त्यांना चिकटले. परंतु ही तुलना मला अर्धीच पटते. चित्रकाराचा प्रत्येक फटकारा वेगळा असतो. पाण्यावर तो आडवा जाईल, धुक्यात विरेल, शिडापाशी थांबेल. कॅमेरा फिरवला, की चौकटीतील प्रत्येक वस्तूवर एकच फटकारा बसतो. माडांच्या बागेला हे मानवते, कारण बुंधे उभे असतात आणि हातही उभाच फिरतो. गोराईच्या समुद्राला आडवी ओढ मानवते. पण मरोळच्या गावठाणातील एखाद्या क्रुसासमोर कॅमेरा उभा ओढून पाहावा. उभा दांडा टिकतो, आडवा पसरून पुसला जातो आणि क्रुसाचा नुसता खांब उरतो! वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतील मेणबत्त्यांचेही तसेच. अंधारात प्रत्येक ज्योत एकाच वळणाची रेघ काढते. त्या चित्रात भाविक कुठेच नसतात, असते ती छायाचित्रकाराच्या मनगटाची सही.

एर्न्स्ट हास यांची थोरवी इथे जाणवते. १९५६ साली पाम्पलोना येथील बैलझुंज त्यांनी संथ शटरने रंगीत फिल्मवर टिपली. बैल आणि माणूस रंगांच्या लाटांत विरघळले, तरी झुंजीची दिशा हरवली नाही. कारण तिथे हालचाल मुळात विषयाचीच होती. पुढे उत्पत्तीच्या पुस्तकाने प्रेरित होऊन त्यांनी 'द क्रिएशन' (१९७१) हा ग्रंथ सिद्ध केला, हे आपल्या वाचकांना रुचावे.

मुंबईपुरते पाहायचे, तर १९९५ मधील चर्चगेटची दोन छायाचित्रे समोर ठेवावी लागतात. एक सेबास्तियाव सालगादो यांचे, दुसरे रघु राय यांचे. दोघांनी कॅमेरा हलवला नाही. हलली ती माणसे. सालगादो यांच्या चित्रात गर्दी प्रवाहासारखी वाहते. बोरिवलीहून आलेला कारकून आणि अंधेरीची परिचारिका त्यात वेगळी ओळखता येत नाहीत. राय यांच्या चित्रात मात्र त्या लोंढ्यात वर्तमानपत्र वाचणारी काही माणसे स्थिर राहिली आहेत, आणि त्यांच्या स्थैर्यामुळेच भोवतीच्या धावपळीला अर्थ येतो. माझा कल राय यांच्याकडे आहे. सालगादो दुःखाला देखणे करतात, असा आक्षेप इन्ग्रिड सिशी यांनी १९९१ साली 'द न्यू यॉर्कर'मध्ये घेतला होता. तो सर्वस्वी न्याय्य नसेलही. तरी धूसर चित्रापुढे उभे राहताना तो प्रश्न मनात येतोच : ज्याचा चेहरा पुसला, त्याचे काय? माडाला चेहरा नसतो. रोज लोकलच्या दाराला लटकणाऱ्याला तो असतो, आणि गर्दीने तो आधीच निम्मा पुसलेला असतो. छायाचित्रकाराने उरलेला निम्मा पुसायचा, तर त्याच्या मोबदल्यात काहीतरी दिले पाहिजे. नुसती रंगांची रेलचेल पुरेशी नाही.

म्हणून उपनगरातील हौशी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. मनगटाऐवजी गाडीला हलू द्यावे. मुलुंडच्या आसपास पश्चिमेकडील खिडकीशी बसून, कॅमेरा स्थिर धरून, पाव सेकंद शटर उघडावे. रुळांलगतचे खांब आणि झुडपे आडव्या रेघा होऊन जातात, मधली घरे थोडी पसरतात, आणि उंच इमारतींच्या फटीतून दिसणारा डोंगर जवळजवळ जागच्या जागी राहतो. इथे प्रत्येक वस्तूला तिच्या अंतराप्रमाणे वेगळा फटकारा मिळतो, मोनेच्या कुंचल्यातून मिळत असे तसा. शिवाय ती नजर बनावट नसते. कामावरून परतणारा, डुलकी आवरत बसलेला माणूस रोज हेच पाहतो.