भाडेपट्टा की हप्त्याने विक्री : माहूरच्या गाळ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

गुंतवणुकीची मिळकत विकताना एकरकमी गिऱ्हाईक न मिळाल्यास विक्रेत्यापुढे दोन मार्ग उरतात : विकत घेण्याच्या हक्कासह भाडेपट्टा, किंवा खरेदीखत करून देऊन उरलेली किंमत हप्त्याने घेणे. अमेरिकी धर्तीच्या गुंतवणूकविषयक लेखनात पहिला मार्ग विक्रेत्यास सुरक्षित मानला जातो, कारण मालकी त्याच्याकडेच राहते. हे गृहीतक माहूरसारख्या तीर्थक्षेत्री तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा लागतो (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882, कलम 107). व्यवहारात मात्र अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि सोबत साध्या मुद्रांकावर इसारपावती, अशी जोडी लावली जाते. मुदत सरते, पण ताबा सुटत नाही. मालकी विक्रेत्याच्या नावे आणि गाळ्याची किल्ली दुसऱ्याकडे, या अवस्थेला सुरक्षितता म्हणणे धाडसाचे आहे. घेणाऱ्याचीही स्थिती बरी नसते. विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही (कलम 54).

हप्त्याने विक्रीत मालकी जाते आणि पैसा राहतो, हा आक्षेप पोकळ नाही. तथापि न मिळालेल्या किमतीचा बोजा विकलेल्या मिळकतीवर राहतो (कलम 55(4)(ब)) आणि त्याच्या वसुलीस मुदत अधिनियम, 1963 अन्वये 12 वर्षे मिळतात. ही तरतूद निष्प्रभ होते ती बहुधा विक्रेत्याच्याच सहीने. खरेदीखतात ‘संपूर्ण भरणा पावला, तक्रार नाही’ हे ठरावीक वाक्य पैसे बाकी असतानाही घातले जाते. पुढे मिळकत तिसऱ्याकडे गेली आणि त्याला थकबाकीची माहिती नव्हती असे ठरले, तर बोजा त्याच्यावर चालत नाही. म्हणून बाकी रक्कम खतातच नमूद करून त्याच दिवशी नोंदणीकृत गहाणखत करून घेणे हा खरा उपाय. तसे केल्यास दुसराच मार्ग विक्रेत्याच्या अधिक हिताचा दिसतो.

किनवट-माहूर पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन असल्यास मात्र ही निवडच उद्भवत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार बिगर आदिवासीस विक्री, गहाण वा पट्टा, काहीही पूर्वमंजुरीविना करता येत नाही.

राहता राहिला हप्त्यांचा प्रश्न. येथील गाळ्यात पैसा येतो तो नवरात्रात व दत्तजयंतीला. आषाढ-श्रावणात समान मासिक हप्ता मागणे म्हणजे थकबाकीला आमंत्रणच. वर्षाचे दोन हप्ते, या यात्रांनंतरच्या तारखांचे, खतात लिहून घेता येतात.