रुग्णाचे व्याकरण आणि भाषेचे व्याकरण

सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्ट येथे भरलेल्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत फ्रॉइडने आपल्या उपचारपद्धतीच्या भवितव्याविषयी एक भाकीत केले. ही पद्धती उद्या सामान्य जनांपर्यंत न्यावयाची झाल्यास विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात थेट सूचनेचे तांबे मिसळावे लागेल, असा त्याचा आशय होता. ते भाकीत बव्हंशी खरे ठरले आहे. फ्रॉइड बहुतेक रुग्णांना आठवड्यातून सहा दिवस, रोज एक तास देत असे. आजच्या नित्याच्या मानसोपचारात बहुधा आठवड्यातून एकदाच समोरासमोर बसून भेट होते. तरीही मुक्त साहचर्य, प्रतिरोधाचा शोध, अर्थविवरण ही तंत्रे याही भेटीत वापरली जातात. तेव्हा या मिश्रणात सोने म्हणावे असे नेमके काय उरते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

त्याचे उत्तर या पद्धतीच्या उगमाशीच सापडते. ॲना ओ. या नावाने प्रसिद्ध असलेल्या रुग्णेवर ब्रॉयरने १८८० ते १८८२ या काळात उपचार केले. आजारात तिची मातृभाषा जर्मन तिला काही काळ पारखी झाली होती व ती केवळ इंग्रजीत बोलत असे. या उपचाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच, आणि तेही इंग्रजीत, दिले. उपचारकाच्या हाती लागणारी प्रत्यक्ष सामग्री म्हणजे रुग्णाचे बोलणे, ही गोष्ट येथे प्रथमच स्पष्ट झाली. परंतु जेथे सामग्री भाषेची असते, तेथे भाषा कशी चालते याविषयीचे अज्ञान निरुपद्रवी राहत नाही.

स्वतः फ्रॉइडही या अज्ञानापासून सुटला नाही. कार्ल आबेल याने १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, आदिम भाषांत एकच शब्द परस्परविरुद्ध अर्थ वाहत असे. स्वप्नात विरोधाचा भेद मावळतो, या आपल्या सिद्धांताला फ्रॉइडने १९१० मध्ये या मताचा आधार घेतला. एमिल बेन्व्हेनिस्त याने १९५६ मध्ये या आधाराचा फोलपणा दाखवून दिला. लॅटिनमधील 'आल्तुस' या शब्दाचा अर्थ 'उंच' असाही होतो व 'खोल' असाही. मात्र त्यात विरोध नाही; ते तळापासून वर मोजलेले एकच परिमाण आहे. जो भेद भाषेने केलेलाच नाही, तो तिने मिटवला असे म्हणता येत नाही. बेन्व्हेनिस्तचा खरा मुद्दा असा की, विश्लेषकाने शोधावयाचे ते भाषेच्या इतिहासात नव्हे, तर त्या भाषेचा वापर करणाऱ्या व्यक्तीच्या उक्तीत.

हाच दोष अधिक सूक्ष्म रूपात रॉय शेफर या अमेरिकन विश्लेषकाच्या १९७६ मधील मनोविश्लेषणाच्या नव्या भाषेविषयीच्या ग्रंथात शिरण्याचा संभव आहे. शेफरचे म्हणणे असे की, मनुष्य हा आपल्या भावनांचा कर्ता आहे. 'संतापाने मला गाठले' अशा धर्तीच्या वाक्यांत तो आपले कर्तेपण नाकारतो आणि उपचारकाने ते त्याला परत मिळवून द्यावे. इंग्रजीपुरता हा विचार मार्मिक आहे. परंतु तोच जसाच्या तसा मराठी रुग्णाच्या बोलण्याला लावला तर काय होते, ते पाहण्याजोगे आहे.

मराठीत राग येतो, भीती वाटते, आठवण होते. 'मला' ही चतुर्थी येथे रुग्णाने निवडलेली नसते. ती भाषेने त्याला दिलेली असते. म्हणून 'मला राग आला' या वाक्यात जबाबदारीची टाळाटाळ पाहणे म्हणजे व्याकरणालाच व्याधी समजणे होय. याहून विलक्षण प्रकार असा की, मराठी मनुष्य 'मला आठवले' असे म्हणतो, पण 'मी विसरलो' असेही म्हणतो. शेफरची कसोटी यांत्रिकपणे लावल्यास संपूर्ण मराठी समाज स्मरणाचे कर्तेपण नाकारतो व विस्मरणाचे मात्र स्वीकारतो, असा निष्कर्ष निघेल. विस्मरण ही मनाची कृती आहे, हे फ्रॉइडचे मत मराठी रुग्णाला आधीच उमगले होते, असेही मग म्हणावे लागेल! दोन्ही निष्कर्ष सारखेच निरर्थक आहेत.

याचा अर्थ शब्दरचनेकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नव्हे. जेथे भाषा पर्याय देते, तेथे निवडीला अर्थ येतो. 'मी कप फोडला' आणि 'माझ्या हातून कप फुटला', 'आईची आठवण येते' आणि 'आईची आठवण काढतो', 'मी विसरलो' आणि 'मला विसर पडला' ही युग्मे रुग्णाला उपलब्ध असतात. समजा, एखादा रुग्ण कार्यालयातील भांडणे 'मी बोललो', 'मी सुनावले' अशा शब्दांत सांगतो, पण थोरल्या भावाशी झालेल्या वादापाशी आला की प्रत्येक वेळी 'तोंडून शब्द गेले' असे म्हणतो. येथे भाषा तीच आहे, बदलला आहे तो वक्ता. उपचारकाविषयी बोलताना 'आम्ही' सोडून 'आपण' म्हणू लागणाऱ्या रुग्णाचेही तसेच. असे वळण टिपणे हेच या पद्धतीचे सोने होय. त्याला आठवड्यातून सहा तास लागत नाहीत, मात्र रुग्णाची भाषा आतून जाणणारा कान लागतो.

अर्थविवरणाच्या संख्येवर उपचाराचे मोल ठरत नाही, हे नॉर्वेतील एका प्रयोगाने सुचविले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १०० रुग्णांवर वर्षभर, आठवड्यातून एकदा, उपचार झाले. रुग्ण-उपचारक संबंधाचे अर्थविवरण एका गटात केले गेले, दुसऱ्यात टाळले गेले. सरासरीने दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ज्यांचे इतरांशी असलेले संबंध मुळातच दुर्बळ होते, अशा रुग्णांना मात्र या तंत्राचा अधिक लाभ झाला. तंत्राचे मूल्य अशा रीतीने तंत्रात नसून ते कोणासाठी वापरले जाते यात आहे.

थोडक्या वेळाच्या उपचारात तयार अर्थांचा मोह अधिक असतो, कारण चुकीचा अर्थ तपासून मागे घेण्यास अवसर नसतो. आणि उपचारकाचा अधिकार मोठा असल्याने रुग्ण तो अर्थ मुकाट्याने स्वीकारतो. आपल्या भाषेचा स्वभाव हा आपलाच दोष आहे, असे समजून घरी जातो. सोन्यात तांबे मिसळल्याने होणारी हानी याहून कमीच म्हटली पाहिजे.