मृत्युदंड, कायदा आणि साहित्य : ह्यूगो व काम्यू यांच्या लेखनाची चिकित्सा

फ्रान्समधील मृत्युदंडाचा वैधानिक इतिहास हा लांबणीवर पडलेल्या निर्णयाचा इतिहास आहे. १७९१ च्या दंडसंहितेने देहान्तापूर्वीच्या यातना वगळल्या, परंतु शिक्षा कायम ठेवली. सार्वत्रिक शांतता प्रस्थापित होताच ती रद्द होईल, असा ठराव १७९५ मध्ये झाला. तो कधीच अमलात आला नाही. १८४८ मध्ये ती केवळ राजकीय गुन्ह्यांपुरती रद्द झाली. या पार्श्वभूमीवर व्हिक्टर ह्यूगो यांची मृत्युदंडिताच्या अखेरच्या दिवसावरील कादंबरी (१८२९) आणि आल्बेर काम्यू यांचा गिलोटिनवरील निबंध (१९५७) यांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्यूगो कैद्याचे नाव सांगत नाहीत, गुन्ह्याचा तपशीलही देत नाहीत. त्यामुळे वाचकासमोर उरतो तो केवळ मरणाची वाट पाहणारा माणूस. हे या कृतीचे सामर्थ्य आहे, तशीच तिची मर्यादाही. गुन्हा पडद्याआड गेला की त्याचा बळीही पडद्याआड जातो. १९०७ मध्ये एका बालिकेच्या हत्येने लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९०८ मध्ये मृत्युदंड रद्द करण्याचा प्रस्ताव ३३० विरुद्ध २०१ मतांनी फेटाळला गेला. करुणेला दुसऱ्या करुणेनेच अडविले, असे म्हणता येईल.

काम्यू मात्र गुन्हा लपवीत नाहीत. मुलाबाळांसह एका शेतकरी कुटुंबाची हत्या करणाऱ्याचा शिरच्छेद पाहण्यास त्यांचे वडील गेले, ते त्या शिक्षेचे समर्थक म्हणून; परतले ते निःशब्द, आणि त्यांना ओकारी झाली. येथे बळीविषयीची करुणा अबाधित राहूनही शिक्षा असह्य ठरते. १९३९ नंतर शिरच्छेद तुरुंगाच्या भिंतीआड होऊ लागला. दहशत बसविणे हाच हेतू असेल, तर ही लपवाछपवी कशासाठी, हा काम्यूंचा प्रश्न कायद्याची विसंगती उघडी करतो.

तथापि साहित्याने लोकमत पालटविले, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. १९८१ मध्ये कायदामंत्री रोबेर बादँतेर यांचे विधेयक राष्ट्रीय सभेत ३६३ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाले, तेव्हाही बहुसंख्य नागरिक मृत्युदंडाच्या बाजूचे होते. २००७ मध्ये ही बंदी संविधानात समाविष्ट झाली. साहित्याचे कार्य बहुमत मिळविण्याचे नव्हे. बहुमताविरुद्ध उभे राहणाऱ्यास युक्तिवाद पुरविण्याचे आहे. या कसोटीवर ह्यूगोंपेक्षा काम्यू अधिक समर्थ ठरतात.