न विचारलेली जनता आणि न ऐकलेली जनता : ‘अॅटम स्टेशन’ या कादंबरीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

पदवीच्या वर्गाला सआदत हसन मंटो यांची ‘चचा साम के नाम’ ही पत्रे शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, “सर, अमेरिकेची शस्त्रे पाकिस्तानला हवीत असे मनापासून वाटणारा एखादा साधा माणूस तेव्हा असेलच ना? तो या पत्रांत कुठे आहे?” १९५१ ते १९५४ या काळात मंटोंनी अशी नऊ पत्रे लिहिली. १९५४ च्या मे महिन्यात पाकिस्तान आणि अमेरिका यांच्यात लष्करी मदतीचा करार झाला. त्या कराराची चाहूल, त्यामागचा स्वार्थ आणि त्यातील ढोंग मंटोंच्या तंजमध्ये अचूक उतरले आहे. आपल्यालाही एखादा लहानसा अॅटम बॉम्ब पाठवा, अशी मागणी हा पुतण्या चाचाकडे करतो. परंतु विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रांत सापडत नाही, हे मला वर्गात कबूल करावे लागले.

हाच प्रश्न घेऊन मी दुसऱ्या एका साहित्यकृतीकडे वळलो. आइसलँडचे कादंबरीकार हाल्दोर लाक्सनेस (नोबेल पारितोषिक, १९५५) यांची ‘अॅटम स्टेशन’ ही कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. मॅग्नस मॅग्नुसन यांनी १९६१ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून ती आपल्यापर्यंत पोहोचते. एका अगदी लहान देशाला बलाढ्य राष्ट्राच्या लष्करी छत्राखाली नेले जात असताना लोकांना काय वाटत होते, याचे चित्रण म्हणून ही कादंबरी सर्वत्र वाचली जाते. हा दावा कितपत खरा आहे, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९१८ साली डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली सार्वभौम झालेल्या आइसलँडने आपली कायमची तटस्थता जाहीर केली होती. १० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्य रेक्याविकमध्ये उतरले आणि ती तटस्थता कागदावरच राहिली. १९४१ मध्ये ब्रिटिशांची जागा अमेरिकन सैन्याने घेतली. युद्धाने देशात परके सैनिक आणले, तसेच बंदरे, रस्ते आणि बराकींच्या बांधकामावर रोख मजुरीही आणली. १९४४ च्या मे महिन्यात सार्वमत झाले, त्यात जवळजवळ सर्वांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने कौल दिला आणि १७ जून १९४४ रोजी थिंगवेत्लिर येथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने तीन लष्करी तळ दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागितले. ती मागणी मान्य झाली नाही. पण ऑक्टोबर १९४६ मध्ये केप्लाविक विमानतळाचा वापर अमेरिकेला देणारा करार आल्थिंग या संसदेने ३२ विरुद्ध १९ मतांनी संमत केला. हीच ‘अॅटम स्टेशन’ची प्रत्यक्ष पार्श्वभूमी होय. नाटोमधील प्रवेश त्यानंतरचा आहे. ३० मार्च १९४९ रोजी आल्थिंगने ३७ विरुद्ध १३ मतांनी त्यास मान्यता दिली. त्या दिवशी संसदेसमोरच्या चौकात दगडफेक झाली, खिडक्या फुटल्या आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सार्वमत घ्या, ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. सुमारे एक लाख चाळीस हजार लोकवस्तीचा आणि स्वतःचे सैन्य नसलेला हा देश ४ एप्रिल १९४९ रोजी नाटोचा संस्थापक सदस्य झाला. म्हणजे कादंबरी आधी आणि नाटो नंतर, असा हा क्रम आहे. अनेक वाचक तो उलटा धरतात. कादंबरीचे मूल्यमापन करताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वयंपाकघरातून दिसणारे राजकारण

कादंबरीची निवेदक उग्ला ही उत्तरेकडील एका दरीतील शेतकऱ्याची मुलगी. ऑर्गन शिकण्यासाठी ती रेक्याविकला येते आणि बूई आर्लान्द या श्रीमंत संसद सदस्याच्या घरी मोलकरीण म्हणून राहते. देशाचा पंतप्रधान या घराचा नातलग आहे. रात्री परक्यांसह बैठका होतात आणि दिवसा तोच पंतप्रधान देश विकणार नाही अशा शपथा घेतो. हे सर्व उग्लाला घरकाम करता करता कळते. लाक्सनेस यांचे खरे यश या निवेदकाच्या निवडीत आहे. ज्या निर्णयाने संपूर्ण देशाचे भवितव्य ठरणार, तो निर्णय घेणाऱ्यांच्या घरात झाडलोट करणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही. तिच्यासमोर बोलताना कोणी आवाजसुद्धा कमी करीत नाही, कारण ती तेथे आहे हेच कोणाच्या गणतीत नाही. सार्वमत नाकारले जाणे म्हणजे काय, हे १९४९ पूर्वीच या कादंबरीने एका घराच्या आतून दाखविले.

दुसरे यश तिच्या विनोदात आहे. कराराची चर्चा चालू असताना राष्ट्राच्या लाडक्या कवीच्या अस्थी परदेशातून आणण्याचा घाट घातला जातो. यामागे सत्य घटना आहे. योनास हाल्ग्रीमसन या कवीचे १८४५ मध्ये कोपनहेगन येथे निधन झाले होते आणि त्याच्या अस्थी १९४६ मध्ये, विमानतळ करारानंतर थोड्याच दिवसांत, थिंगवेत्लिर येथे पुरण्यात आल्या. जमीन देऊन टाकताना अस्थींचा सोहळा करणारी राष्ट्रभक्ती लाक्सनेस यांनी फारसे भाष्य न करता हास्यास्पद ठरविली आहे. मंटोंच्या पत्रांशी त्यांचे नाते येथे जाणवते. दोघेही बलाढ्य राष्ट्रापेक्षा आपल्या राज्यकर्त्यांच्या लाचारीवर अधिक कठोर प्रहार करतात.

कादंबरीची मर्यादा

असे असले तरी एक प्रश्न उरतो. या कादंबरीत कराराच्या बाजूचे कोण आहेत? पंतप्रधान, व्यापारी, त्यांचे पाहुणे. त्यांपैकी बूई आर्लान्द हा बुद्धिमान आणि सुसंस्कृत आहे. परंतु स्वतःच्या वर्गाच्या हिताबाहेर पाऊल टाकण्याची उमेद त्याच्यात उरलेली नाही. उग्लाच्या गावाकडील माणसे आणि तिच्या ऑर्गन शिक्षकाचे सर्वांना मोकळे असलेले घर दुसऱ्या बाजूला आहे. म्हणजे कराराला पाठिंबा देणारा एकतर विकला गेलेला आहे किंवा हताश आहे. भीतीपोटी पाठिंबा देणारा कोळी, शिक्षक किंवा दुकानदार येथे मुळीच भेटत नाही.

वास्तवात असा माणूस होता. १९४० मध्ये तटस्थता निरुपयोगी ठरल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केल्याचे त्याने वाचले होते. डेन्मार्क आणि नॉर्वे हे जवळचे देशही नाटोत जात होते. ३० मार्चच्या त्या चौकात करारसमर्थक पक्षांच्या हाकेवरून आलेले नागरिकही उभे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, तीत कराराच्या बाजूच्या तीन पक्षांचे बहुमत कायम राहिले आणि कट्टर विरोधी समाजवादी पक्षाला सुमारे एक पंचमांश मते मिळाली. पुढे १९५१ मध्ये संरक्षण करारान्वये अमेरिकन सैन्य परत आले. १९७४ मध्ये डाव्या सरकारने ते सैन्य घालविण्याचे ठरविले, तेव्हा तळ राहू द्यावा या मागणीच्या निवेदनावर ५५,५२२ लोकांनी सह्या केल्या. सव्वादोन लाखांच्या आतील लोकसंख्येत हा आकडा फार मोठा आहे. एवढे सर्व लोक विकले गेले होते, असे म्हणता येणार नाही.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. निवडणुकीतील मत म्हणजे सार्वमत नव्हे. मतदार मासळीचा भाव, पगार आणि पक्षनिष्ठा पाहूनही मत देतो. नाटोच्या प्रश्नावर आइसलँडच्या जनतेचा कौल पुढेही कधी घेतला गेला नाही. १९४४ मध्ये प्रजासत्ताकासाठी लोकांना विचारणारे नेते १९४९ मध्ये विचारायला तयार नव्हते. बहुमत आपल्या बाजूने असण्याची शक्यता असूनही त्यांनी ते टाळले. केप्लाविकचा तळ ३० सप्टेंबर २००६ रोजी बंद झाला. तोपर्यंत देशाच्या राजकारणात जी कटुता राहिली, तिचे एक मूळ या टाळाटाळीत आहे. म्हणून उग्लाची तक्रार खोटी ठरत नाही. मात्र जनतेला विचारले गेले नाही हे सत्य आणि विचारले असते तर जनतेने नकारच दिला असता हा समज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाक्सनेस पहिल्यावरून सहज दुसऱ्यावर जातात आणि समीक्षकही त्यांच्यामागून जातात.

यामागे लेखकाची त्या काळातील राजकीय निष्ठा होती. सोव्हिएत संघाविषयी त्यांना आस्था होती आणि त्या दिशेकडून येणारी भीती कादंबरीत जवळजवळ नाही. १९६३ मध्ये ‘स्काल्दातीमी’ या आत्मपर पुस्तकात त्यांनी आपल्या त्या भ्रमाची स्वतःच चिकित्सा केली. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. परंतु कादंबरी त्यापूर्वीच लिहिली गेली होती आणि तिच्यातील रिकामी जागा तशीच राहिली.

समारोप

तरक्कीपसंद समीक्षेच्या संस्कारात वाढलेल्या आम्हा उर्दू अध्यापकांना ‘अवाम’ हा शब्द फार प्रिय आहे. मराठी समीक्षेत ‘सामान्य माणूस’ हा शब्द त्याच श्रद्धेने वापरला जातो. दोन्हीकडे हा माणूस आपल्याच मताचा असतो, असे आपण गृहीत धरतो. वेगळ्या मताचा असेल तर त्याची दिशाभूल झाली असे म्हणून त्याला बाजूला करतो. मीही अनेक वर्षे मंटोंची पत्रे याच पद्धतीने शिकविली.

‘अॅटम स्टेशन’चे वाङ्मयीन मोल यामुळे कमी होत नाही. सत्तेच्या घरातील मोलकरणीला निवेदक करून एका लहान देशाची व्यथा सांगणारी ही थोर कादंबरी आहे. ती जरूर शिकवावी. मात्र शिकविताना दोन प्रश्न वर्गासमोर ठेवावेत. या कृतीत कोणाला विचारले गेले नाही? आणि या कृतीने स्वतः कोणाला विचारले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उग्ला देते. दुसऱ्याचे उत्तर कादंबरीबाहेर, सह्यांच्या त्या कागदांवर आणि ३० मार्चच्या चौकात पलीकडे उभ्या असलेल्या माणसांत शोधावे लागते. त्या विद्यार्थिनीला मी हे उत्तर उशिरा दिले, याची खंत आहे.