कादंबरीतला ‘येई’ आणि पडद्यावरचा ‘आला’

कादंबरीवरून चित्रपट निघाला की पहिली तक्रार ठरलेली: ‘पुस्तकातलं किती गाळलं हो!’ आज ही तक्रार जरा बाजूला ठेवू आणि ‘बनगरवाडी’ घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

कादंबरी तशी छोटीच. फार काही गाळायची गरज पडावी अशी नाही. तरी वाचण्याचा आणि बघण्याचा अनुभव वेगळा राहतो. तो का?

आमचं म्हणणं असं, की हरवतो तो काळ. व्याकरणातला काळ. शाळेत आपण सगळे रीतिभूतकाळ शिकलो: येई, बसे, बोलत असे. ‘म्हातारा सांजेला ओट्यावर येऊन बसे.’ या साध्या वाक्यात शेकडो संध्याकाळी मावतात. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत राजाराम मास्तर रुळत जातो, तो अशाच रोजच्या जगण्यातून. वाचकालाही त्या जगण्याची सवय होते. म्हणून शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते, तेव्हा आपली सवय मोडल्यासारखं वाटतं.

कॅमेऱ्याकडे ‘बसे’ नाही, ‘बसला’ आहे. तोच ओटा तीनदा दाखवला, तर बघणाऱ्याला ते तीन प्रसंग वाटतात. बदल्यात चित्रपट पुष्कळ देतो: उघडं माळरान, चेहरे, कानावर पडणारा बोलीचा हेल. ते आम्ही कमी लेखत नाही.

बीड जिल्ह्यात हे बोलायला कारण आहे. गाव रिकामं होणं आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोद्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसं आणि काही पोरं राहतात. उद्या कुणी हे पडद्यावर आणलं, तर भरलेला ट्रॅक्टर फुफाट्यातून निघालेला दिसेल. बघणारा हळहळेल. पण त्याला ते एका कुटुंबावर आलेलं संकट वाटेल. आपल्याकडे ते दरसाल होतं. संकट म्हटलं की लोक मदत गोळा करतात. रीत म्हटली की विचारावं लागतं: ही कुणी पाडली? ती चालू राहिल्यानं कुणाचं भलं होतं?

म्हणजे हरवतो तो नुसता एखादा प्रसंग नाही, तर हा प्रश्नच हरवू शकतो.

तेव्हा इथं मोबाईलवर लघुपट करणाऱ्या मुलामुलींना आमचं एवढंच सांगणं: कथा-कादंबरी हाती घेतली की आधी तिची क्रियापदं बघा. कुठं ‘गेला’ आहे, कुठं ‘जाई’ आहे, त्यावर खुणा करा. ‘गेला’ दाखवणं सोपं आहे. ‘जाई’साठी एकच वाट, एकच घर, एकच कुलूप ऋतूमागून ऋतू बघत बसावं लागेल. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या.