आकड्यांची करमणूक आणि शूद्रकाचा संवाहक

आकड्यांच्या सोडतीचे खेळ ही निव्वळ करमणूक होय, असे म्हणणारी सुशिक्षित मंडळी आता पुष्कळ आढळतात. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. कौटुंबिक मेळाव्यात आपण तांबोळा खेळतो. त्याच नशिबाच्या खेळाला कॅसिनोत 'किनो' म्हटले की तो पाप का ठरावा? या प्रश्नाला नुसते डोळे वटारून उत्तर देता येणार नाही. उत्तर शोधण्यासाठी इंदूरच्या रहिवाशांस फार दूरही जावयास नको. शेजारच्या उज्जयिनीतच शूद्रकाने आपले 'मृच्छकटिक' घडविले असून देवलांच्या संगीत नाटकामुळे ती कथा मराठी रसिकांच्या ओळखीची आहे.

प्रथम खेळांचे स्वरूप पाहू. तांबोळ्यात ९० आकडे असतात व तिकिटावर त्यांपैकी १५ छापलेले असतात. किनोत ८० आकड्यांतून २० निघतात. एकच आकडा धरला तर तो निघण्याची शक्यता चारात एक. दोहोंतही कौशल्याला जागा नाही. खेळणाऱ्याने वाट पाहावयाची एवढेच. तेव्हा भेद नशिबात नाही, तो अन्यत्र शोधला पाहिजे.

मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात तो सापडतो. संवाहक हा अंगमर्दन करणारा गृहस्थ दहा सुवर्ण हरून पळतो. मागावरच्यांना चकविण्यासाठी तो उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि देवाच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. द्यूतगृहाचा मालक माथुर व त्याचा जोडीदार आत येतात. त्यांस संशय येतो व ते त्याला हलवून पाहतात. तेथेच बसून फासे टाकू लागतात. मार पडेल हे संवाहकाला ठाऊक आहे, खिशात कवडी नाही हेही ठाऊक आहे. तरी फाशांचा आवाज कानी पडताच दगडाचा देव बोलू लागतो आणि डाव आपला असल्याचे सांगून पुढे सरसावतो!

प्रेक्षक येथे हसतात, आणि शूद्रकाला तेच हवे आहे. तो उपदेश करीत नाही. जिंकण्याची आशा संपल्यावरही खेळाची ओढ संपत नाही, हे तो एका आवाजाने दाखवितो. पुढे चारुदत्तही, ठेवीचे दागिने चोरीस गेले असता, ते आपण जुगारात हरलो असा निरोप वसंतसेनेकडे धाडतो. सज्जनाच्या तोंडी हे असत्य खपून जाईल असे त्यास वाटते, यावरून त्या नगरीत हा शौक किती मुरला होता ते कळते.

तथापि एका बाबतीत नाटककाराने हात सैल सोडला आहे, असे आम्हांस वाटते. संवाहकाचे ऋण वसंतसेनेच्या कंकणाने फिटते आणि तो भिक्षू होतो. नाटकाच्या रचनेला हे उपकारक आहे, कारण हाच भिक्षू पुढे तिचे प्राण वाचवितो. परंतु संसारात अशी वसंतसेना क्वचितच भेटते. तेथे कंकण जाते ते घरच्याच गृहिणीचे.

आपल्या परंपरेने हा मोह ओळखला होता. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात. खेळास मान्यता दिली, पण तिथी ठरवून दिली. ही कुंपणाची बुद्धी होय. तांबोळाही शेवटचे बक्षीस गेले की आटोपतो आणि मंडळी जेवावयास बसतात.

कुंपण मोडले की काय होते, याचा इतिहास आपल्याच काळातला आहे. 'कॉटन किंग' म्हणून गाजलेले सर सेठ हुकुमचंद इंदूरचेच. कापसाच्या भावावरचा सट्टा या शहराला नवा नव्हता. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर आकडा लावीत. निदान बाजार बंद झाला की खेळही थांबे. १९६१ साली तो आधार तुटला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला व मटका जन्मास आला. पुढे मडके जाऊन पत्ते आले, नाव मात्र टिकले. कापूस गेला, उरला तो नुसता आकडा. मोबाइलवर तर सोडतीमागून सोडत निघू शकते. संवाहकाच्या कानी पडलेला फाशांचा आवाज तेथे अहोरात्र चालू राहतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तो योग्यच. परंतु कायदा दार लावतो, कान बंद करू शकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, करमणुकीची खूण तिच्या शेवटात आहे. जो खेळ ठरल्या वेळी थांबतो, ज्याची रक्कम आधीच खर्ची धरलेली असते आणि जो शेजाऱ्यांसह हसतखेळत होतो, त्याला आमची हरकत नाही. उत्सवाच्या तांबोळ्यात मंडळांनी रोख रकमेऐवजी भांडी वा पुस्तके ठेवावीत, तिकिटे प्रत्येकी एकदाच द्यावीत. ज्या खेळात मात्र हरलेला मनुष्य एकटाच पुढच्या आकड्याची वाट पाहत बसतो, त्याला करमणूक म्हणणे ही भाषेची फसवणूक होय. दगडाच्या देवालाही जेथे स्थिर राहवले नाही, तेथे आपण सहज म्हणून बसू आणि सहज म्हणून उठू, हा भरवसा कोणी धरू नये.