‘रोमिओ आणि ज्यूलिएट’मधील विषकल्पना

‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ या नाटकावर एक आक्षेप वारंवार घेण्यात येतो. या नाटकाचा शेवट कार्यकारणभावाने नव्हे, तर योगायोगाने घडतो, असा तो आक्षेप होय. एक पत्र वेळेवर पोचते, किंवा नायिका काही क्षण आधी जागी होती, तर सारे सुखरूप पार पडले असते. मग याला शोकात्मिका कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्या चार नाटकांचा सविस्तर परामर्श घेतला, त्यांत हे नाटक नाही. एच. बी. चार्ल्टन यांनी तर १९३९ सालच्या व्याख्यानात ही शोकात्मिका प्रयोगावस्थेतील ठरविली आणि तीतील दैव प्रेक्षकाला पटत नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय विद्यार्थ्यांच्या लेखनात पुष्कळदा जसाच्या तसा उतरतो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु हा विचार करताना टीकाकारांचे लक्ष न पोचलेल्या पत्राकडे जितके गेले, तितके ज्यूलिएटच्या हातातील कुपीकडे गेलेले नाही. विष हे या नाटकात पाचव्या अंकासाठी आणून ठेवलेले साधन नव्हे. दुसऱ्या अंकापासून नाटकाची भाषा त्या कल्पनेची जोपासना करीत आलेली आहे.

फ्रान्सिस्कन संन्यासी लॉरेन्स प्रथम रंगभूमीवर येतो तो पहाटे वेताच्या टोपलीत वनस्पती गोळा करीत. पृथ्वी ही सृष्टीची माता आहे आणि तिचे थडगेही आहे. अत्यंत हीन वस्तूतही काही गुण असतो आणि उत्तमातील उत्तम वस्तूही योग्य उपयोगापासून ढळली की अपायकारक होते, असे त्याचे चिंतन चालले आहे. मग तो हातातील एका नाजूक फुलाकडे वळतो. या फुलात विष आणि औषध दोन्ही वस्तीस आहेत. हुंगले तर ते सर्व गात्रांना उल्हास देते, चाखले तर हृदयासह सर्व इंद्रिये बंद पाडते. १५९९ च्या क्वार्टो प्रतीत रोमिओच्या प्रवेशाची सूचना या भाषणाच्या मध्येच, नेमकी फुलाच्या ओळींपूर्वी छापलेली आहे. पुढील काळातील अनेक संपादकांनी ती नीटनेटकेपणासाठी भाषणाच्या अखेरीस नेली. मूळची जागाच राखावयास हवी. लॉरेन्स फुलाविषयी बोलत असताना रोमिओ मागे उभा आहे, आणि बोलणाऱ्याला त्याचे भान नाही. त्याच प्रवेशाच्या अखेरीस हा वनस्पतिवेत्ता दोन घराण्यांच्या वैरावर एक औषध योजतो. ते औषध म्हणजे विवाह. त्या विवाहासाठी आतुर झालेल्या रोमिओला सावकाशीचा उपदेश करावयासही तो विसरत नाही.

विष आणि औषध यांचे हे सहवास्तव्य केवळ लॉरेन्सच्या तत्त्वज्ञानात नाही, ते शब्दांच्या इतिहासातही आहे. इंग्रजीतील ‘पॉयझन’ व ‘पोशन’ हे दोन्ही शब्द ‘पेय’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत. पहिल्याने मारक अर्थ धारण केला, दुसऱ्याने औषधी पेयाचा अर्थ राखला. ग्रीक ‘फार्माकॉन’ हा शब्द तर दोन्ही अर्थ एकाच वेळी बाळगतो. संस्कृत कोशांत ‘विष’ या शब्दाला ‘जल’ असाही अर्थ दिलेला असून, वर्षाकाळचे मेघ विरहिणींवर जे ओततात त्यावर कवींनी श्लेष साधलेला आहे. योग्य रीतीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि वाईट रीतीने दिलेले औषधही विष ठरते, हे चरकसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. युरोपात पॅरासेल्ससने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्रेविषयी हेच प्रतिपादन केले. मराठीत आपण विषाला ‘जालीम’ म्हणतो आणि रामबाण उपायालाही ‘जालीम’ म्हणतो. बोलणाऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही. शेक्सपिअरला ही व्युत्पत्ती ठाऊक होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे. त्याच्या नाटकात दोन कुप्या आहेत. एकीतील पेय मरणाचे सोंग आणते, दुसरीतील पेय मरण आणते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे परिणाम वेगळे ओळखता येत नाहीत. सारा अनर्थ या न ओळखण्यात आहे.

तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशाकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. टिबाल्टच्या मृत्यूचा सूड म्हणून मँटुआत माणूस पाठवून रोमिओला विष घालण्याचा बेत ज्यूलिएटची आई मुलीला सांगते. नाटकात विषप्रयोगाचा पहिला विचार प्रेमिकांच्या मनात येत नाही, तो घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या मनात येतो, याची फारशी नोंद घेतली जात नाही. ज्यूलिएट उत्तर देते की, विष नेणारा माणूस तेवढा मिळाला तर ते तयार करण्याचे काम आपण पत्करू. येथे तिने योजलेल्या क्रियापदाचे ‘मिश्रण करणे’ आणि ‘सौम्य करणे’ असे दोन्ही अर्थ होतात. आई पहिला अर्थ घेते, प्रेक्षक दुसरा. या स्थळी मराठी अनुवादकाची मोठी पंचाईत होते. ‘कालवणे’ म्हटले तर दया लोपते, ‘उतार पाडणे’ म्हटले तर कपट उघडे पडते. आपल्या वैद्यकातील बचनागाचे ‘शोधन’ या कल्पनेच्या जवळ जाते खरे, पण त्या शब्दाला घरगुती संभाषणात स्थान नाही. शेक्सपिअरच्या शब्दश्लेषांवर एम. एम. महूड यांनी १९५७ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात या नाटकाला स्वतंत्र प्रकरण मिळाले ते उगाच नव्हे. येथील श्लेष भाषेचा अलंकार म्हणून आलेला नाही. ज्या घरात खरे बोलणे अशक्य झाले आहे, तेथे जगण्याचा तोच एक मार्ग उरलेला आहे.

चौथ्या अंकात ज्यूलिएट एकटी कुपी हातात घेते. हे स्वगत नाट्यदृष्ट्या थडग्यातील प्रवेशापेक्षाही श्रेष्ठ आहे. रोमिओ पुढे जे पितो ते विष आहे याविषयी त्याच्या मनात शंका नाही. ज्यूलिएटला मात्र आपण काय पीत आहोत याची खात्री करून घेण्याचा कोणताही उपाय नाही. गुप्त विवाह लावून दिल्याचा बोभाटा होऊ नये म्हणून संन्याशानेच आपल्याला खरे विष दिले नसेल कशावरून, अशी शंका तिच्या मनात येते. तो पुण्यशील म्हणून ओळखला जातो, एवढ्याच आधारावर ती शंका मागे सारते. विषाची परीक्षा पाहू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण येथे चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला ती परीक्षा स्वतःच्या देहावर द्यावी लागते. (ब्रूकच्या १५६२ सालच्या इंग्रजी काव्यात ती सोळा वर्षांची आहे, शेक्सपिअरने तिचे वय मुद्दाम कमी केले.) अखेर ती रोमिओचे नाव घेऊन, जणू मेजवानीत पेला उचलावा तशी, कुपी तोंडाला लावते. पाचव्या अंकात रोमिओही आपल्या प्रियेच्या नावाने तसाच पेला घेतो. विवाहाच्या मेजवानीत जे पेय दोघांनी एकत्र घ्यावयाचे, ते या नाटकात दोघे दोन वेगवेगळ्या रात्री, एकेकटे घेतात.

या औषधाचा परिणाम ४२ तास टिकेल, असे लॉरेन्सने सांगितले आहे. तासांचा हिशेब शेवटच्या प्रसंगाशी पुरता जुळत नाही, हे अभ्यासकांनी दाखविलेले आहे. पण नाटक पाहताना कोणी घड्याळ घेऊन बसत नाही. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. लॉरेन्सच्या योजनेप्रमाणे ज्यूलिएटने पेय घ्यावयाचे ते बुधवारी रात्री. योजनेचा भाग म्हणून ती घरी येऊन बापाची क्षमा मागते, लग्नाला संमती देते. आणि या आज्ञाधारकपणाने बाप इतका हर्षित होतो की, गुरुवारचे लग्न बुधवारी सकाळवर आणतो. पेय मंगळवारी रात्रीच घ्यावे लागते. आता पत्र प्लेगच्या संशयामुळे व्हेरोनातच अडकून राहिले, तेव्हा एक दिवस अधिक मिळता तरी काय झाले असते, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. तथापि हाती उरलेला वेळ कमी झाला तो दैवामुळे नव्हे, औषधाबरोबर सांगितलेल्या पथ्यामुळेच. आणि प्लेगही अगदी आगंतुक म्हणता येत नाही. मरताना मर्क्युशियोने दोन्ही घराण्यांवर त्याच रोगाचा शाप पुन्हा पुन्हा उच्चारला होता.

मँटुआच्या औषधविक्याचा प्रसंग ब्रूककडून आलेला आहे. पण दोन्ही ठिकाणी त्याची प्रकृती भिन्न आहे. ब्रूकच्या काव्यात त्या विक्रेत्याला शेवटी फासावर चढविण्यात येते. शेक्सपिअरचा औषधविक्या हाडे निघालेला, भुकेने गांजलेला माणूस आहे. त्याच्या दुकानात रिकामी खोकी आणि वाळलेल्या जिनसा आहेत. हे नाटक १५९५ च्या सुमारास लिहिले गेले असे मानतात. १५९४ पासून इंग्लंडात ओळीने पिके बुडाली होती, तेव्हा पहिल्या प्रेक्षकांना असा चेहरा अपरिचित नसावा. विष विकणाऱ्यास मँटुआत देहदंड आहे. तरी ४० ड्यूकटांसाठी तो विकतो, आणि आपली गरिबी संमती देते आहे, मन नव्हे, असे बजावतो. यावर रोमिओ त्याला सोने देताना म्हणतो की, विष खरे आपणच विकत आहोत. या सोन्याने जगात त्या बापड्या चूर्णांपेक्षा अधिक खून पाडले आहेत. हातातील कुपीला मात्र तो हृदयाला बळ देणारे औषध म्हणून संबोधतो. लॉरेन्सने फुलाविषयी जे सांगितले होते, ते शिष्याने असे उलट्या बाजूने आत्मसात केले आहे. हे विष कोणते, याची चर्चा मनोरंजक असली तरी निष्फळ होय. बंदुकीच्या दारूशी विषाची जोडी लावताना ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागात बचनागाच्या जातीचे नाव आलेले आहे, आणि येथेही रोमिओ तोफेच्या दारूचीच उपमा देतो, म्हणून काहीजण तोच तर्क करतात. नाटककाराने नाव दिलेले नाही. दारूची प्रतिमा मात्र त्याने आधीच पेरून ठेवली आहे: अग्नी आणि दारू चुंबनातच एकमेकांना भस्म करतात, असे लॉरेन्स विवाहाच्या वेळी बोलून गेला होता.

थडग्यातील प्रवेशात कथेच्या परंपरेपुढे दोन वाटा होत्या. दा पोर्तो आणि बांदेल्लो या इटालियन कथाकारांच्या कथांत विष भिनत असतानाच नायिका जागी होते आणि दोघांचे अखेरचे बोलणे होते. १५५९ च्या फ्रेंच रूपांतरात ब्वास्त्युओने ही भेट काढून टाकली. ब्रूकने व शेक्सपिअरने तोच मार्ग पत्करला. पुढे ऑटवेने १६७९ मध्ये आपल्या रोमन रूपांतरात आणि गॅरिकने १७४८ मध्ये मूळ नाटकाच्याच प्रयोगात ती भेट परत आणली, आणि १८४५ साली शार्लट कुशमनने लंडनमध्ये शेक्सपिअरची संहिता पुन्हा उभी करीपर्यंत इंग्लंडच्या रंगभूमीवर गॅरिकच्याच शेवटाचे प्रस्थ राहिले. गॅरिकच्या शेवटात अश्रूंना वाव अधिक आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथे विष हे केवळ वेळ मोजणारे यंत्र होऊन बसते. शेक्सपिअरच्या शेवटी रोमिओ ज्यूलिएटच्या ओठांवरची आणि गालांवरची लाली पाहतो, मृत्यूचा फिका ध्वज अजून तेथे पोचलेला नाही हे स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि तरी त्याचा अर्थ त्याला लागत नाही. चिन्ह डोळ्यांपुढे आहे, वाचणारा आहे, वाचन तेवढे होत नाही. पत्र पोचले नाही म्हणून तो मेला असे म्हणणाऱ्यांनी या ओळी लक्षपूर्वक वाचाव्यात. जीवनाचे पत्र त्याच्यासमोर उघडे पडलेले होते.

ज्यूलिएट जागी होते तेव्हा पेला रिकामा आहे. एक थेंबही आपल्यासाठी ठेवला नाही म्हणून ती त्याला प्रेमाने दूषण देते, आणि ओठांवर काही विष राहिले असेल म्हणून त्याचे चुंबन घेते. त्या विषाला ती संजीवक म्हणते. फुलाविषयीचे ते पहाटेचे भाषण येथे पुरे होते. ओठ अजून ऊबदार आहेत. विष तिला मिळत नाही. उरतो तो रोमिओचा खंजीर. दोन घराण्यांच्या वैराचे खरे हत्यार पोलाद; पहिल्या प्रवेशापासून रस्त्यात उपसले गेलेले ते हत्यार शेवटी या मुलीच्या देहात म्यान होते.

पुढची उलगड लांबते, आणि प्रयोगांत ती बहुधा कापली जाते. काहींना क्षमा मिळेल, काहींना शासन होईल, एवढेच राजा म्हणतो. रोमिओच्या पत्रात औषधविक्याचा उल्लेख आहे, परंतु त्याचे काय झाले ते शेक्सपिअर सांगत नाही. दोघे बाप हात मिळवितात. माँटेग्यू ज्यूलिएटचा पुतळा उभारण्याचे वचन देतो, कॅप्युलेट तोच शब्द रोमिओविषयी देतो. पुतळे शुद्ध सोन्याचे व्हावयाचे आहेत. मँटुआच्या त्या रिकाम्या दुकानात रोमिओ सोन्याविषयी काय बोलला होता, हे त्या दोघांपैकी कोणालाही ठाऊक नाही.